यादीत नसलेला ड्रायव्हर

लोकांना रांगेत उभं करायला मला आवडतं, हे आधीच कबूल करून टाकते. फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहून माझी बारा वर्षं गेली. चिठ्ठी आधी दाखवा, गोळी जेवणानंतर घ्या, मागचं औषध संपल्याशिवाय नवीन मिळणार नाही, हे सांगण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे आमच्या रेसिंग टीमला कोविड मार्शल लागणार असं ठरलं तेव्हा कुणी मला विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. पिवळं, चमकत्या पट्ट्यांचं हाय-विझ जाकीट सरळ माझ्या हातात दिलं. नवरा म्हणाला, "हिला जाकीट नसतं तरी चाललं असतं, आवाज पुरेसा आहे."

रेसिंग टीम म्हटलं की लोकांना काहीतरी चकचकीत वाटतं. आमची टीम म्हणजे मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नला राहणारी सात-आठ मराठी माणसं आणि एक वीस वर्षं जुनी सेडान. तिच्या काचा काढलेल्या, मागची सीटं उपटलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, आणि दारं वेल्डिंग करून कायमची बंद. आत शिरायचं तर खिडकीतून, पाय आधी घालून. शनिवारी शहराबाहेरच्या मातीच्या गोल ट्रॅकवर तसल्याच दहा-बारा गाड्यांबरोबर ती पळवायची, आपटायची, सोमवारी मुकाट्याने कामावर जायचं आणि पुढचे चार वीकेंड पत्रा ठोकत बसायचं. बक्षीस म्हणून एकदा आम्हाला एक चषक मिळाला होता, तोही 'सर्वांत उत्साही टीम' म्हणून. म्हणजे काय ते समजा.

माझा नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या हातात पाना दिला की मला धडकी भरते. टीमचा खरा जीव म्हणजे आमचा ड्रायव्हर. तो, मी आणि माझा नवरा एकाच वर्षी इथे शिकायला आलो. एका घरात सहा जण राहायचो, एकच कुकर, आणि त्या कुकरवर कुणाचा नंबर आधी यावरून भांडणं. पुढे मी त्यातल्या एकाशी लग्न केलं आणि दुसरा तसाच राहिला. मूळचा कोल्हापूरचा. शिकला अकाउंटिंग, आणि पोटापाण्याला लागला बस डेपोत मेकॅनिक म्हणून, कारण इंजिनाच्या आवाजाशिवाय त्याला करमतच नाही. एकटा राहायचा. कमी बोलायचा. गाडीत बसला की मात्र ट्रॅकवरच्या गोऱ्या प्रेक्षकांनाही उभं करायचा. त्याच्या नावाने ओरडणारी चार पोरं-टोरं होती आमच्या सबर्बात, त्यांनाच आम्ही 'फॅन्स' म्हणायचो. आधी गमतीने, मग खरंच.

मेलबर्नचं ते लांबलचक लॉकडाऊन उठून काही महिने झाले होते. लोक बाहेर पडायला लागले होते, पण घाबरत घाबरत. उघड्यावरच्या कार्यक्रमांना परवानगी होती, माणसं मोजून. तेव्हा आम्ही ठरवलं की एका रविवारी दुपारी गाडी ठेवतो ती शेड उघडायची. फॅन्सना बोलवायचं, गाडी दाखवायची, खिडकीतून आत बसवायचं, सीटचे पट्टे बांधून फोटो काढायचा. प्रवेशासाठी तिकीट नाही, एक पिशवी शिधा आणायचा. तांदूळ, तूरडाळ, कणीक, चहा, साखर, काय असेल ते. कारण त्या काळात इथे शिकणाऱ्या आपल्या मुलांचे फार हाल झाले. हॉटेलांतली, दुकानांतली कामं गेली, सरकारी मदत त्यांना नाही, आणि परत जायला विमान नाही. आपण त्या घरांत राहिलेलो. एका कुकरवर सहा जण जेवलेलो. त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

ड्रायव्हरला मात्र यायचं नव्हतं.

त्याची आई कोल्हापुरात आजारी होती. आजारी म्हणजे, डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेली. पोटाचा कॅन्सर. बहीण सगळं करत होती आणि रोज व्हिडिओवर दाखवत होती. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलासुद्धा परवानगी लागायची, हे आता सांगितलं तर मुलांना खोटं वाटतं. त्याने अर्ज केला, मग डॉक्टरांची पत्रं जोडून परत केला, आणि तिसऱ्या खेपेला परवानगी आली. मग विमान मिळेना. शेवटी एका विमानात जागा मिळाली, शुक्रवारची. आमचा कार्यक्रम त्याच आठवड्यातल्या रविवारी, म्हणजे पाच दिवस आधी.

तो मला म्हणाला, "मी नाही येत. शुक्रवारपर्यंत गर्दीत नको."

आणि मी काय म्हणाले? मला शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणाले, "अरे, फॅन्स तुला बघायला येणारेत, मला नाही. दोन तासांचा प्रश्न आहे. सगळं उघड्यावर आहे, मास्क आहेत, सॅनिटायझर आहे, आणि मार्शल मी आहे. माझ्या डोळ्यांदेखत तुला काय होणार आहे?"

तो हसला आणि म्हणाला, "बरं मॅडम." तो मला कॉलेजपासून मॅडम म्हणतो, चिडवायला.

रविवार झकास गेला. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण गेला. गाडीला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शेड ज्यांची आहे ते ऑस्ट्रेलियन आजोबा लांबून बघत होते, म्हणाले, आमच्या वेळी हे माहीत असतं तर मीही एखादी रेस जिंकलो असतो. बाहेर माझा नवरा कांदाभजी तळत होता आणि मी फाटकाशी जाकीट घालून उभी. प्रत्येकाने क्यूआर कोड स्कॅन करायचा, वर माझ्या वहीत नाव आणि फोन लिहायचा. आपल्या लोकांचं एक असतं, नवरा स्कॅन करतो आणि मागे बायको, दोन मुलं, सासू, मेहुणा असा ताफा आत घुसायला बघतो. "मी केलंय ना, सगळ्यांचं झालं." मी म्हटलं, नाही झालं. प्रत्येकाचं वेगळं. एका काकांना मी तीनदा परत पाठवलं. ते चिडले, मीही चिडले, पण नाव लिहून घेतलं. संध्याकाळी वही बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. एकही माणूस सुटला नव्हता.

शिध्याच्या पिशव्यांनी शेडची एक भिंत झाकून गेली. मुलं गाडीत बसून आतून ओरडत होती. आमचा ड्रायव्हर निळं ओव्हरऑल घालून, मास्क लावून, एकेकाला खिडकीतून आत उतरवत होता. पाचही पट्टे तोच आवळायचा, कारण ते बकल सहजासहजी बसत नाही, आत अर्ध्यापर्यंत वाकावं लागतं. लोकांशी बोलायचा, गाडी कशी वळवतात ते दाखवायचा. इतकं बोलताना मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बघ, आला ते किती बरं झालं.

मंगळवारी सकाळी फार्मसीत असताना फोन आला. सरकारी आरोग्य खात्यातून, ट्रेसर, म्हणजे रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना शोधणारी. आवाज एखाद्या तरुण मुलीचा, दमलेला, पण सभ्य. रविवारी तुमच्या कार्यक्रमाला आलेली एक व्यक्ती पॉझिटिव्ह आहे. तुम्ही आयोजक म्हणून नोंदलेल्या आहात. हजर असलेल्या सगळ्यांची यादी आज पाच वाजेपर्यंत पाठवा.

खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, विचार बाई विचार, माझ्याकडे सगळं आहे. फार्मसीतून तशीच निघाले, आधी टेस्ट करून घेतली, रांगेत दीड तास. घरी येऊन वहीच्या पानांचे फोटो काढले, एका फाइलीत नावं टाइप केली आणि टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, की रविवारी एक केस निघाली आहे, सगळ्यांनी टेस्ट करा आणि घरी थांबा. यादी पाठवून दिली. वाटलं, माझं काम झालं.

वीस मिनिटांनी त्याच मुलीचा परत फोन. यादीबद्दल आभार. एक गोष्ट राहिली. ती पॉझिटिव्ह व्यक्ती सांगते की तिला गाडीत बसवायला निळ्या ओव्हरऑलमधला एक माणूस होता. मास्क होता, त्यामुळे चेहरा सांगता येत नाही. पट्टे बांधताना, नंतर गाडीबद्दल बोलताना, बराच वेळ तो अगदी जवळ होता. शेडच्या आत. तो माणूस तुमच्या यादीत कोणता?

मी यादी उघडली. वरून खाली, खालून वर. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो यादीत नाहीच. तोच काय, मी नाही, माझा नवरा नाही, टीममधलं कुणीच नाही. फाटकावर उभं राहून मी सगळ्या जगाची नावं लिहून घेतली, पण आमची कुणाची लिहिली नाहीत. कारण आम्ही घरचे. घरात कार्य असलं की आपल्याकडे पानं किती हे विचारतात तेव्हा घरची माणसं धरत नाहीत, ती शेवटच्या पंगतीला बसतात, उरेल ते जेवतात. हे कुणी शिकवत नाही, पण अंगात असतं. मीही तेच केलं होतं. पाहुण्यांची नोंद केली आणि घरच्यांना मोजलंच नाही. ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट मिळवलेली मार्शल!

मी म्हणाले, "मी चेक करून सांगते."

ती म्हणाली, "पाचपर्यंत, प्लीज."

तेव्हा दुपारचे दोन वाजत होते.

त्या वेळचे नियम मला पाठ होते, दिवसभर काउंटरवर तेच सांगायचे मी. लांबून आलेला संपर्क असेल तर टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत घरी. पण जवळचा संपर्क असेल तर चौदा दिवस घरात, टेस्ट निगेटिव्ह आली तरी चौदा दिवस. म्हणजे त्याचं नाव सांगितलं की शुक्रवारचं विमान गेलं. पुढचं विमान कधी, कुणालाच माहीत नव्हतं. आणि कोल्हापुरात वेळ किती उरला आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मी नवऱ्याला हाक मारली. तो वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. माझा आवाज ऐकून लॅपटॉप तसाच सोडून खाली आला. मी सांगितलं. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि एक मिनिटसुद्धा विचार न करता म्हणाला, "माझं नाव दे."

"म्हणजे?"

"ओव्हरऑल माझ्याकडेही आहे, निळंच. मास्क मीही लावला होता. माझं नाव टाक. मी चौदा दिवस वरच्या खोलीत बसतो. नाहीतरी काय, वर्क फ्रॉम होमच आहे."

"तू भजी तळत होतास, अरे! पन्नास लोकांनी बघितलंय तुला."

"त्या मुलीने बघितलंय का?"

तिने नव्हतं बघितलं. तिला एक नाव हवं होतं, आणि नाव देणारी मी होते. इतकं सोपं होतं ते. त्या सोपेपणानेच मला घाम फुटला.

"आणि त्याला झाला असेल तर?" मी म्हणाले. "तो विमानात बसणार, दिल्लीला उतरणार, मग पुढचा प्रवास, बहिणीच्या घरी जाणार. तिथे लहान मुलं आहेत. आई आहे."

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला आता आणखी काय व्हायचंय?"

एवढं बोलून त्यालाच कसंतरी झालं. उठून त्याने गॅसवर चहा ठेवला, आणि तो चहा आम्ही दोघांनीही प्यायला नाही.

मी सारखी फोनकडे बघत होते. ग्रुपवरच्या माझ्या मेसेजवर बाकी सगळ्यांनी उत्तरं दिली होती. कुणी टेस्टच्या रांगेतला फोटो टाकला, कुणी हात जोडले, कुणी मलाच धीर दिला. त्याचं काहीच नाही. मेसेज वाचलेला दिसत होता. पण शब्द नाही. निळ्या ओव्हरऑलमध्ये दिवसभर लोकांना पट्टे कुणी बांधले हे त्याला माहीत होतं, आणि एक केस म्हणजे काय हेही माहीत होतं. मग हा गप्प का? मला त्याचा राग यायला लागला. अरे बाबा, फोन कर. म्हण की मॅडम, माझं नाव नको. किंवा म्हण की द्या, जाऊ दे विमान. काहीतरी म्हण! सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर टाकून हा निवांत बसलाय, असं वाटलं मला. निवांत! काय पण शब्द सुचला.

मग मीच करावा फोन, असंही मनात आलं. नंबर काढला. पण विचारू काय? 'तुझ्या आईला भेटायचंय का तुला?' हे विचारायचं? आणि त्यानेच म्हटलं 'तू ठरव', तर? मी फोन खाली ठेवला.

तीन वाजले. साडेतीन. मी ओटा पुसला, परत पुसला. फार्मसीत येणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे डोळ्यांपुढून जायला लागले. लॉकडाऊनमध्ये त्यांतल्या तिघांची औषधं मी बांधून ठेवली होती आणि न्यायला कुणी आलं नव्हतं. ती पुडकी शेवटी मीच उघडून परत कपाटात लावली. विमानात अशी किती म्हातारी माणसं असतील, इथे अडकून पडलेली, लेकी-सुनांच्या बाळंतपणाला आलेली. मग वाटायचं, पण त्याला झालेलाच नसेल तर? सगळ्यांनी मास्क लावलेले. बहुतेक नसेलच. बहुतेक. हा शब्द घेऊन मी घरभर फिरत होते. त्याची आई दोनदा इथे येऊन गेली होती. दुसऱ्या वेळी तिने मला बटव्यातून कोल्हापुरी मसाल्याची पुरचुंडी काढून दिली आणि म्हणाली, माझ्या लेकाकडे लक्ष ठेवत जा गं, तो स्वतःहून काही मागायचा नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी ई-मेल उघडली आणि टीममधल्या सगळ्यांची नावं लिहिली. सगळ्यांची, माझ्यापासून. प्रत्येकापुढे तो कुठे उभा होता ते. त्याच्या नावापुढे लिहिलं, शेडच्या आत, गाडीपाशी, निळं ओव्हरऑल. आणि पाठवून दिलं.

हे मी का केलं, असं नंतर मला कितीतरी वेळा वाटलं. चांगुलपणाने केलं म्हणावं तर तसं ठामपणे सांगता येत नाही. विमानातल्या लोकांचा विचार होता, खरंच होता. पण भीतीही होती. उद्या तो पॉझिटिव्ह निघाला आणि मी खोटं नाव दिलेलं उघड झालं तर माझं लायसन जाईल, ही भीती होती. दोन्हींत जास्त कुठली, ते मला आजही माहीत नाही. नवऱ्याने विचारलं, "पाठवलंस?" मी हो म्हटलं. तो वर निघून गेला, आणि आठवडाभर नीट बोलला नाही.

सहा वाजता ग्रुपवर त्याचा मेसेज आला. 'मला चौदा दिवस. विमान कॅन्सल केलं.' बस. एवढंच.

आमच्या सगळ्यांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या आणि आम्ही दोन-तीन दिवसांत मोकळे झालो. मी रोज त्याच्या दारात डबा ठेवायला लागले. कागदी डब्यात, परत द्यायला नको असा. वरणभात, भाकरी, एक दिवस तांबड्या रश्शाचा प्रयत्न केला तोही. डबा पायरीवर ठेवायचा, बेल वाजवायची आणि गाडीत येऊन बसायचं. मी गाडी सुरू करेपर्यंत दार उघडायचं नाही. मग फोनवर एक शब्द: 'मिळाला.' चिडून दोन शब्द बोलला असता तर मला झोप लागली असती. पण रोज 'मिळाला'.

त्या रविवारपासून दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी त्याची आई गेली. बहिणीने फोन धरून ठेवला होता, त्याने सगळं फोनवरच पाहिलं, आमच्या घरापासून सात मिनिटांवर, एकटा बसून. शुक्रवारी निघाला असता, तर रविवारी पोचून त्याला आईजवळ तीन दिवस मिळाले असते. मी हिशेब करायचा नाही म्हणून ठरवलं होतं, तरी केला. तीन दिवस.

आम्ही त्याच्या घरात जाऊ शकत नव्हतो. मी आणि नवरा त्याच्या खिडकीसमोर फूटपाथवर जाऊन उभे राहिलो. आतून पडदा हलला. त्याने हात वर केला. आम्ही अर्धा तास तसेच उभे होतो. माझ्या नवऱ्याने तेव्हा माझा हात धरला, आठवड्यानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्याची अकराव्या दिवसाची टेस्ट होती. आई जाऊन एक दिवस झालेला, आणि घराबाहेर पडायची परवानगी फक्त नाकात काडी घालून घ्यायला. आता जे लिहिणार आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि माझ्या मनात आलं, ही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ दे. त्याला थोडा ताप येऊ दे, बरा होऊ दे, पण पॉझिटिव्ह येऊ दे. म्हणजे मी केलं ते बरोबर ठरेल. लाज वाटली, पण ते मनात आलं आणि दिवसभर राहिलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. रविवारी शेडमध्ये आलेल्यांपैकी कुणालाच काही झालं नाही. त्या पॉझिटिव्ह माणसाच्या घरच्यांना झाला, तेवढंच.

पंधराव्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. त्याने दार उघडलं, दाढी वाढलेली. आम्ही मागच्या अंगणात दोन खुर्च्या टाकून बसलो, मध्ये अंतर ठेवून. वर्ष झालं होतं, ते अंतर आपोआप पडायचं. मी काय बोलायचं ते घरून घोकून आले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, "नाव मी दिलं. यादीत नव्हतं ते. त्यांना कळलंच नसतं. मी दिलं."

"माहितीये," तो म्हणाला. "मी स्कॅन केलंच नव्हतं."

"शिव्या दे मला."

तो नाही म्हणून मान हलवत राहिला. मग म्हणाला, "त्या दुपारी मी तुझा नंबर चार वेळा काढला. सांगणार होतो, माझं नाव नको देऊस. चारही वेळा ठेवून दिला फोन."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. इतक्या दिवसांचं सगळं वर आलं. "मग केला का नाहीस? मी वाट बघत होते, अरे! तीन तास तो फोन हातात धरून बसले होते. एकदा तरी करायचास!"

तो माझ्याकडे बघत होता. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा, हळू.

"तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला.

म्हणाले असते. त्याने नुसतं 'मॅडम' म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते.